नागपूर ते गोंडवाना : महाविद्यालयीन मैदानांच्या बदलत्या सीमा

वैनगंगेच्या काठचे आमचे वडसा गाव कागदोपत्री देसाईगंज म्हणून ओळखले जाते. रेल्वेच्या फलकावर मात्र ते वडसाच आहे. दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक हेच होते. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी गाडी येथे थांबते आणि वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीकडे निघून जाते. झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर म्हणून या गावाचा लौकिक आहे. परंतु आज आम्ही नाटकाविषयी लिहिणार नाही. दरवर्षी पावसाळा सरला की खांद्यावर पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि पिशवीत महाविद्यालयाचे नाव छापलेला गणवेश घेऊन जी मुलेमुली स्थानकावर किंवा एस. टी. थांब्यावर उभी दिसतात, त्यांच्याविषयी लिहावे असा विचार आहे. ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघालेली असतात. कोणत्या गावी, कोणाशी खेळायला आणि कोणत्या विद्यापीठाच्या नावाने, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली आहेत. त्या बदलांचा हा थोडक्यात आढावा.

गाव आपल्या जागेवर असते. त्याच्या भोवतालच्या सीमा तेवढ्या हलत राहतात. आमच्या भागातील कॅथलिक कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. हा सारा प्रदेश पूर्वी नागपूर महाधर्मप्रांतात मोडत असे. १९६२ मध्ये चांदा क्षेत्र त्यापासून अलग करून सीरो-मलबार परंपरेतील सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले आणि १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्या दिवसापासून वैनगंगेच्या पलीकडची ब्रह्मपुरी एका जिल्ह्यात आणि अलीकडचे वडसा दुसऱ्या जिल्ह्यात, असे झाले. पुढे २०११ मध्ये विद्यापीठही वेगळे झाले. धर्मप्रांत, जिल्हा आणि विद्यापीठ या तिन्ही वाटण्या पन्नास वर्षांच्या आत झाल्या. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरीचा मैदानावर काय परिणाम झाला, हे मात्र कोणी फारसे विचारलेले नाही.

मुळात महाविद्यालयांच्या खेळांची व्यवस्था आपल्याकडे विद्यापीठाच्या आधाराने उभी राहिली. एका विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये आपापसांत खेळतात. त्या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ प्रशिक्षण शिबिर आटोपून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. प्रथम विभागीय आणि तेथे यश मिळाल्यास अखिल भारतीय. देशातील विद्यापीठांना एकत्र आणणारे आंतरविद्यापीठ मंडळ १९२५ मध्ये स्थापन झाले. १९७३ मध्ये त्याचे नाव भारतीय विश्वविद्यालय संघ असे झाले आणि आजही या स्पर्धांची सूत्रे त्याच्याकडेच आहेत. तात्पर्य, आपल्याकडे महाविद्यालय कोणाबरोबर खेळणार हे ते स्वतः ठरवीत नाही. त्याची संलग्नता ते ठरविते. संलग्नता बदलली की प्रतिस्पर्धी बदलतात आणि गणवेशाच्या छातीवरचे नावही बदलते.

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये स्थापन केलेल्या हिस्लॉप महाविद्यालयाने ही तिन्ही छत्रे पाहिली. सर बिपिन कृष्ण बोस हे नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आरंभी सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा संसार होता. परंतु त्याचे क्षेत्र मात्र मध्य प्रांत व वऱ्हाड असे विशाल होते. जबलपूरचे रॉबर्टसन महाविद्यालय, अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय आणि नागपूरचे मॉरिस महाविद्यालय ही एकाच अंगणातील भावंडे होती. हिंदी आणि मराठी बोलणारी मुले एकाच विद्यापीठाच्या नावाने परीक्षा देत होती आणि खेळत होती. त्या काळी चांदा जिल्ह्यातील मुलाला महाविद्यालयाचे शिक्षण हवे असेल, तर नागपूर गाठणे क्रमप्राप्त होते. आमच्या अरण्यप्रदेशाचे नाव त्या मैदानावर अजून उमटले नव्हते.

या एकत्र कुटुंबातून पहिले बिऱ्हाड बाहेर पडले ते १९४६ मध्ये. डॉ. हरिसिंग गौर हे एकेकाळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी आपल्या जन्मगावी, सागर येथे, स्वतःच्या मिळकतीतून विद्यापीठ उभे केले आणि महाकोशलातील महाविद्यालये तिकडे गेली. पुढे १९५६ मध्ये जबलपूरला वेगळे विद्यापीठ झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. नागपूर विद्यापीठ आता पूर्णतः विदर्भाचे झाले. ज्या काळात त्याची सीमा आक्रसत होती, त्याच काळात त्याचे अंतरंग मात्र भरत होते. स्वातंत्र्योत्तर दशकांत चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, आरमोरी अशा गावांतून महाविद्यालये निघाली. चंद्रपूरचे जनता आणि सरदार पटेल महाविद्यालय, बाबा आमटे यांच्या आनंदवनातील आनंद निकेतन, ब्रह्मपुरीचे नेवजाबाई हितकारिणी, आरमोरीचे महात्मा गांधी महाविद्यालय आणि आमच्या वडशाचे आदर्श कला व वाणिज्य महाविद्यालय ही नावे जसजशी विद्यापीठाच्या यादीत येत गेली, तसतशी ती स्पर्धेच्या तक्त्यातही आली. शेतकऱ्याचा, रेल्वे कामगाराचा, वनमजुराचा मुलगा प्रथमच नागपूरच्या मैदानावर आपल्या गावाचे नाव घेऊन उभा राहिला.

दुसरे मोठे बिऱ्हाड १ मे १९८३ रोजी वेगळे झाले. अमरावती विद्यापीठाची स्थापना होऊन वऱ्हाडातील महाविद्यालये त्याच्याकडे गेली. खेळाच्या दृष्टीने ही वाटणी लहानसहान नव्हती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांबासारख्या भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. विदर्भातील कितीतरी शारीरिक शिक्षक याच संस्थेच्या आखाड्यात तयार झाले. ती संस्था आता नागपूरची राहिली नाही. ती प्रतिस्पर्धी झाली. नागपूरकडे नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर आणि नव्याने झालेला गडचिरोली हे जिल्हे उरले. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाल्यावर ते सहा झाले. ४ मे २००५ पासून या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले.

आणि मग २७ सप्टेंबर २०११ आला. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली आणि २ ऑक्टोबर, गांधी जयंतीपासून, गडचिरोली येथे त्याचे काम सुरू झाले. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत बहुधा चकमकीच्या बातम्यांतच वाचायला मिळे, त्या जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठ आले ही गोष्ट सामान्य नव्हती. गोंडांच्या प्राचीन राज्याची आठवण त्याच्या नावात आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका महाखंडाला जे नाव दिले, तेही याच भूमीवरून घेतलेले. तो महाखंड तुटून त्याचे तुकडे दूर गेले, हे शाळकरी मुलेही जाणतात. नव्या विद्यापीठाचा जन्मही एका तुकडा पडण्यातूनच झाला, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

या वाटणीने खेळाडूंचे काय झाले? हिशेब साधा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत प्रत्येक विद्यापीठाला एका खेळात एकच संघ पाठविता येतो. मग ते विद्यापीठ सहा जिल्ह्यांचे असो वा दोन. कबड्डीच्या संघात बारा खेळाडू घेतले, तर पूर्वी सहा जिल्ह्यांतील सर्व महाविद्यालयांमधून बारा मुली निवडल्या जात. २०११ नंतर चंद्रपूर-गडचिरोलीच्या दोन जिल्ह्यांना स्वतःच्या बारा जागा मिळाल्या. जी मुलगी पूर्वी निवड चाचणीत विसावी येऊन घरी परतली असती, ती आता विद्यापीठाचा गणवेश घालून परराज्यात जाऊ शकते. तिच्या दृष्टीने ही केवळ हौसेची गोष्ट नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. आपल्या मुलीने मैदानावर घालविलेले तास वाया गेले नाहीत, ती वाट पुढे कोठे तरी जाते, एवढा दिलासा त्यातून घरच्यांना मिळतो. आणि आमच्या भागात मुलीला खेळायला पाठवायचे की नाही, हे बहुतेक वेळा त्या दिलाशावरच ठरते.

अंतराचा प्रश्नही असाच. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर. नागपूर तर त्याच्याही कितीतरी पुढे. निवड चाचणीसाठी दोन दिवसांचा प्रवास, शहरात मुक्काम, सोबतीला शिक्षिका मिळाली तर ठीक, नाहीतर घरचे माणूस. नागपूर गाठण्यासाठी वडशाच्या विद्यार्थ्यांना नागभीडला गाडी बदलावी लागे आणि तेथून पुढची अरुंद मापाची गाडी २०१९ पर्यंत आपल्या संथ चालीने धावत होती. आता स्पर्धा चंद्रपुरात, गडचिरोलीत, ब्रह्मपुरीत, आरमोरीत भरू शकतात. १९८२ च्या जिल्हा सीमेने ज्या ब्रह्मपुरीला वडशापासून वेगळे केले, ती विद्यापीठाच्या तक्त्यात आमच्या शेजारीच राहिली, हाही एक लाभ. सकाळी निघून रात्री घरी परतता येते. आणि आईवडिलांना मैदानाच्या कडेला उभे राहून आपले लेकरू खेळताना पाहता येते.

परंतु प्रत्येक वाटणीत काही हरवतेही. नागपूरच्या महाविद्यालयांशी खेळताना आमची मुले हरत असत. पण त्या हरण्यातून त्यांना खेळाची उंची कळे. चांगले मैदान, अनुभवी पंच, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण काय असते हे ती पाहत आणि गावी येऊन इतरांना सांगत. घराजवळच्या लहान स्पर्धेत पदक लवकर मिळते. मात्र ते पदक विभागीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत किती पुरते, हा प्रश्न उरतो. ज्याला बलवान प्रतिस्पर्धी लाभत नाही, त्याला आपले बळ कळत नाही. नव्या विद्यापीठाला मैदान, धावपट्टी, वसतिगृह, प्रशिक्षक सारे मुळापासून उभे करायचे होते. जुन्या विद्यापीठाची अनेक दशकांची पुंजी वाटणीत मिळत नसते. म्हणून जागा वाढल्या याचा आनंद मानताना दर्जाची चिंता सोडून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

अशा फाटाफुटी केवळ आपल्याकडेच होतात असे नाही. अमेरिकेत महाविद्यालये स्वतःच्या मर्जीने एकत्र येऊन क्रीडामंडळे स्थापन करतात. त्यांना तेथे कॉन्फरन्स म्हणतात. त्यांतील ‘बिग ईस्ट’ या मंडळाची कथा कॅथलिक वाचकांना विशेष रुचेल. प्रॉव्हिडन्स महाविद्यालयाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डेव्ह गॅव्हिट यांच्या पुढाकाराने ते १९७९ मध्ये निघाले. आरंभीच्या सात सभासदांपैकी प्रॉव्हिडन्स, जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, सीटन हॉल आणि बॉस्टन कॉलेज ही पाच कॅथलिक होती. पुढच्याच वर्षी संत ऑगस्टिनच्या संघाचे व्हिलानोव्हा त्यांत आले. १९८५ मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत याच मंडळाचे तीन संघ होते, तिन्ही कॅथलिक. आणि अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरविले.

मग फुटबॉलचा पैसा आला. अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणातून मिळणाऱ्या रकमा एवढ्या फुगल्या की मोठी विद्यापीठे अधिक पैसा देणाऱ्या मंडळांच्या शोधात निघाली. २००५ मध्ये संस्थापकांपैकी बॉस्टन कॉलेजही सोडून गेले. नवे सभासद दूरदूरच्या राज्यांतून आणले गेले आणि मूळ कुटुंबाचा चेहराच ओळखू येईना. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये सात कॅथलिक विद्यापीठांनी एकत्रितपणे बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. वृत्तपत्रांनी त्यांना ‘कॅथलिक सात’ असे नाव दिले. जुलै २०१३ मध्ये त्यांनी ‘बिग ईस्ट’ हे जुने नाव आपल्याकडे ठेवून नवा संसार मांडला आणि बटलर, क्रेटन व झेव्हियर यांना सोबत घेतले. यांतील बटलर कॅथलिक नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संस्थापकांपैकी कनेक्टिकट हे शासकीय विद्यापीठ २०२० मध्ये परत आले. व्हिलानोव्हाने २०१६ व २०१८ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे याच विद्यापीठाचे १९७७ चे गणिताचे पदवीधर, हे वाचून आमच्या युवकांना व्हिलानोव्हाचे नाव परके वाटू नये.

तेथे आणि येथे एक मोठा भेद आहे. तेथील महाविद्यालये पैशासाठी किंवा समानशीलतेसाठी स्वेच्छेने जुळतात व तुटतात. आपल्याकडे शासनाची अधिसूचना निघते आणि एका रात्रीत प्रतिस्पर्धी बदलतात. पण दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच : आपण कोणाबरोबर खेळावे? आपल्यासारख्यांशीच, की आपल्याहून निराळ्यांशी?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच महाराष्ट्राने एकदा देऊन पाहिले होते. मुंबईतील प्रसिद्ध क्रिकेट स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. आधी युरोपियन आणि पारशी यांचा सामना. १९०७ मध्ये हिंदू आल्याने तिरंगी. १९१२ मध्ये मुसलमान आल्याने चौरंगी. आणि १९३७ मध्ये पाचवा संघ आला तो ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’. भारतीय ख्रिस्ती, ज्यू आणि कोठेच न मावणारे सगळे त्यात. सांगलीच्या मराठी प्रोटेस्टंट कुटुंबात जन्मलेले विजय हजारे याच संघातून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्यावर हजारे यांनी ‘रेस्ट’च्या दुसऱ्या डावातील ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांची ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांच्या धावा होत्या अवघ्या २१. सामना मात्र हिंदूंनीच जिंकला. महात्मा गांधींनी १९४० मध्येच अशा जमातवार खेळाबद्दल नापसंती व्यक्त केली होती, आणि १९४६ च्या सुमारास ती स्पर्धा कायमची थांबली.

आम्हांला या इतिहासात विद्यापीठाच्या मैदानाचे खरे मोल दिसते. मुंबईच्या त्या स्पर्धेत आमचा माणूस कितीही थोर असला, तरी ‘उरलेल्यां’तला होता. विद्यापीठाच्या संघात मात्र वडशाचा ख्रिस्ती मुलगा, धानोऱ्याचा गोंड मुलगा, चंद्रपूरचा बौद्ध किंवा मुसलमान मुलगा हे एकाच नावाचा गणवेश घालतात. तेथे कोणी उरलेला नसतो. तेथली सीमा धर्माची वा जातीची नसते. एकाच प्रदेशात शिकण्याची असते. सीमा बदलली, तरी तिचे स्वरूप तेच राहते. सभासद बदलले, सभासदत्वाची अट बदलली नाही.

वेगळी झालेली भावंडे एकमेकांस कायमची अंतरतात असेही नाही. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना ही तिन्ही विद्यापीठे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत समोरासमोर येऊ शकतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवातही त्यांची गाठ पडते. एका अंगणातील मुले आता पाहुणी म्हणून भेटतात एवढेच. करिंथच्या शेजारी भरणाऱ्या स्पर्धा ठाऊक असलेल्या संत पौलाने तेथील भाविकांना लिहिताना शर्यतीचा दृष्टान्त घेतला आणि त्याच पत्रात पुढे एका शरीराच्या अनेक अवयवांविषयीही लिहिले. शर्यत आणि शरीर, स्पर्धा आणि एकत्व, ही दोन्ही चित्रे एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे आम्ही त्या पत्रावरून शिकतो.

शेवटी एक विनंती. १९२३ पासूनच्या या घडामोडींत विद्यापीठांची अधिकृत कागदपत्रे राहतील. पण कोणत्या खेड्यातील कोणती मुलगी कोणत्या वर्षी विद्यापीठाकडून धावली, हे घराघरांतच नोंदलेले असते. २०११ पूर्वीची प्रमाणपत्रे एका विद्यापीठाची, नंतरची दुसऱ्याची. मोठ्या भावाच्या कोटावर नागपूरचे चिन्ह, धाकटीच्या कोटावर गोंडवानाचे. दोन्ही एकाच कपाटात टांगलेले असतील. ते जपावेत. जुन्या संघांची छायाचित्रे शोधून मागे नावे आणि वर्षे लिहून ठेवावीत. धर्मग्रामाच्या सणाला ज्येष्ठ खेळाडूंना बोलावून मुलांसमोर उभे करावे. आणि चर्चच्या आवारात जागा असेल, तर संध्याकाळी ती सर्व धर्मांच्या मुलामुलींना खेळायला मोकळी ठेवावी. विद्यापीठांच्या सीमा ठरविणे आपल्या हाती नाही. आपल्या फाटकातून कोणाला आत घ्यायचे, एवढे मात्र आपल्याच हाती आहे.